सासूच्या मडक्यातली नळी

९ फेब्रुवारी, मलाबा नाका

ट्रकांची रांग आज माझ्या दारापर्यंत आली आणि तिथेच बसली. एक निळा ट्रेलर बारला इतका खेटून उभा आहे की भरदुपारी दिवा लावावा लागतो. खिडकीतून हात बाहेर काढला की टायर लागतं. कस्टमचं तपासणीचं यंत्र बिघडलंय म्हणे, आणि ते दुरुस्त करायला परदेशातून माणूस यायचाय. तोवर पलीकडे केनियात काय आणि अलीकडे आमच्या युगांडात काय, ड्रायव्हर आपापल्या गाडीखाली चटया टाकून पडलेत.

धंद्याच्या हिशेबाने मी खूश असायला हवं. पण सकाळी थोरला दीर एमुरिया येऊन गेला. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून म्हणाला, "अमोंगिन, दिवस ठरला. चौदा मार्च. आईला नाचणी आंबत घालायला सांगितलंय."

मी म्हटलं, "बरं, भाऊजी."

"नुसतं बरं काय? नवा झगा शिवून घे. कूळ जमणार आहे सगळं."

चौदा मार्चला माझ्या नवऱ्याचा, ओमोडिंगचा दुखवटा फेडायचा. म्हणजे कुळाची माणसं मोठ्या मडक्याभोवती बसणार, मला मध्ये आणणार, आणि एमुरिया मला शेजारी बसवून बिअर ओढायची नळी माझ्या हातात देणार. ती तोंडाला लावली की मी त्याची बायको. तिसरी. पहिल्या दोघींपैकी एकीशीही त्याला हसून बोलताना मी पाहिलेलं नाही.

नाही म्हटलं तर चालती हो. बार कुळाच्या जमिनीवर आहे आणि माझं सगळं त्या बारमध्ये आहे. नाक्यावर माझ्या तिखट जिभेला सगळे टरकतात, पण हे कुणाजवळ बोलावं असं माणूस नाही. म्हणून ही वही.

११ फेब्रुवारी

बारचं नाव ‘सगळे देश’. पाटी ओमोडिंगनेच रंगवली, देशचा ‘श’ जरा तिरका झालाय. तोही ट्रक चालवायचा, मोम्बासा ते गोमा. परत आला की कुठे कशी बिअर पितात त्याच्या नकला करून दाखवायचा. त्या नकलांमधूनच बार निघाला. प्रत्येकाला त्याच्या गावची बाटली, त्याच्या गावच्या रीतीने. मग एका उतारावर त्याची गाडी उलटली. तो गेला आणि नकला मला पाठ राहिल्या.

केनियावाला दारातूनच ओरडतो, "गरम!" म्हणजे फ्रीजबाहेरची, फळीवरची. थंडने घसा बसतो अशी त्याची खात्री. टांझानियावाला आधी माझी, शेताची आणि कोंबड्यांची खुशाली विचारतो आणि मग अर्धी थंड मागतो. म्हणजे फ्रीजमधली आणि फळीवरची एका पेल्यात मिसळून द्यायची. काँगोवाल्याला बाटलीवर बर्फ धरलेला हवा आणि बाटली अशी मोठी हवी की लांबच्या टेबलावरूनही दिसावी. रवांडावाल्याचं बूच त्याच्या डोळ्यांसमोर उडवायचं. आतून उघडून आणली तर हात लावणार नाही. कुणी काय कालवलंय कोण जाणे. आमचे युगांडावाले थंड मागतात, निम्मी पितात, गप्पा हाणत बसतात आणि उरलेली गरम झाली म्हणून मला बोल लावतात.

माझी सासू अगुटी म्हणते, हे सगळं बाटलीतलं पोरखेळाचं पिणं. खरं पिणं आम्हां तेसो लोकांचं. नाचणीची बिअर मडक्यात, वरून कढत पाणी ओतत राहायचं, आणि भोवती बसून माणसापेक्षा लांब नळ्यांनी ओढायचं. त्याचे नियम तिच्याकडून ऐकावेत. नळीत फुंकायचं नाही, डाव्या हाताने धरायची नाही, जमिनीवर टाकायची नाही. उठायचं तर शेजाऱ्याच्या हातात देऊन उठायचं. जावयाने तर सासूच्या मडक्यात नळी घालायचीच नाही. तो येताना दिसला की सासू स्टूल उचलून भिंतीआड जाते. माझी आई लग्नाआधीच वारली, त्यामुळे ओमोडिंगला कुणापासून लपावं लागलं नाही. बिनसासूचा जावई म्हणून मिरवायचा.

ही माझी सासू रोज दुपारपासून माझ्या अंगणात मडकं मांडून बसते, ते नेमकं दाराच्या तोंडाशी. आत जाणाऱ्याला तिला वळसा घालून जावं लागतं. कुळाने बसवलेला पहारा आहे हा, दुसरं काय? मला कधी नावाने हाक मारत नाही. "ओमोडिंगची बायको, पाणी आण." तिच्या लेखी मी अजून त्याचीच वस्तू आहे.

१४ फेब्रुवारी

निळ्या ट्रेलरवाला आज आत आला. बुरुंडीचा आहे, मेल्कियोर नाव. लांबलचक माणूस, दारात वाकला तरी डोकं आपटलं. मी म्हटलं, "दार तुमच्या गाडीनेच अडवलंय, आता डोक्याने फोडू नका."

म्हणाला, "मालकीणबाई, एक गरम द्या."

मी फळीवरची दिली. त्याने तळव्याने चाचपली. "ही गार आहे. उन्हातली नाही का? आणि एक नळी."

"कशाला नळी?"

"प्यायला."

बाटलीतली बिअर, ती उन्हात तापलेली, आणि ती नळीने! ओमोडिंगने ही नक्कल करून दाखवली होती, पण मला वाटायचं तो फेकतोय. बुरुंडीत मोठी माणसं अशीच पितात म्हणे, घाई नसते. काँगोवाले खदाखदा हसले. हा आपला शांतपणे नळी ओढत बसला, जसं काही ते पलीकडच्या गावाला हसतायत.

अंगणातून सासूने हे पाहिलं. "ए बुरुंडी," तिने हाक मारली, "बाटलीत नळी घालून काय शोधतोस? इकडे ये, मडक्यात घाल." तो गेला, तिच्या पायांशी मान लववून बसला, उजव्या हाताने नळी घेतली आणि तिने पहिला घोट ओढेपर्यंत थांबला. त्यांच्याकडेही ज्वारीच्या बिअरचं मडकं असतं, म्हणाला. सासूने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. दोघं संध्याकाळपर्यंत गुटूगुटू पीत बसली होती.

१७ फेब्रुवारी

उकाडा. ट्रेलरमुळे वारा येत नाही. डिझेलचा धूर कपड्यांत, केसांत, पोळीतसुद्धा.

एमुरिया फीत घेऊन आला आणि आतली खोली मोजली. पलंग या भिंतीला, फ्रीज बाहेर काढायचा. "ही सगळ्या देशांची थेरं बंद. एकच बिअर ठेवायची, एकाच थंडीची. माणसाला प्यायची तर पिईल." मी पेला पुसत राहिले. तोच पेला किती वेळ पुसला कोण जाणे.

मग तो सासूजवळ मडक्याला बसला. तिने किटलीतलं उकळतं पाणी सगळंच्या सगळं ओतलं, आणि त्याने नळी ओढली. तोंड भाजून तो थयथयत निघून गेला. म्हातारीचं वय झालं आता, हाताला अंदाज राहिला नाही. मागच्या वेळीही तो आला तेव्हा असंच झालं होतं.

२० फेब्रुवारी

सासूने मेल्कियोरची आज पार उलटतपासणी घेतली. मी फळी लावण्याच्या निमित्ताने दारात उभी होते.

"बायको?"

"होती, आजी. मी असाच एका नाक्यावर अडकलो होतो. घरी गेलो तर कापडवाल्याबरोबर निघून गेली होती."

"मारायचास का तिला?"

"नाही."

"मग का गेली?"

"मी घरी नसायचोच. कापडवाला रोज असायचा."

सासू नळी सोडून हसली. मग आई कुठे, शेत किती, पिऊन भांडतोस की झोपतोस, असं सगळं विचारलं. तो मध्येच उठला तेव्हा त्याने नळी तिच्या हातात दिली, जमिनीवर टाकली नाही. तिने मान हलवली.

हे सगळं आता एमुरियाच्या कानावर जाणार. माझ्या बारमध्ये परका माणूस रोज बसतो, तो कोण, कुठला, असा सगळा तपशील म्हातारी गोळा करतेय. मी मेल्कियोरला सावध केलं, "आजीशी जपून बोला." तो म्हणाला, "का? मला तिच्याशी बोलायला आवडतं." भोळा आहे. त्याची बाटली मी आता मागच्या पत्र्यावर उन्हात ठेवते. इतकी गरम दुसरं कुणी पीत नाही, आणि फ्रीजमधली जागाही वाचते.

२३ फेब्रुवारी

टोरोरोला भावाकडे जाऊन आले. म्हटलं, मला ठेवून घे. वहिनीने जेवायला वाढलं, आंबील दिली. भाऊ पायरीकडे बघत म्हणाला, "अगं, तुझ्या लग्नात आलेल्या गाई माझ्या लग्नात गेल्या. तू परत आलीस तर ते गाई मागतील. कुठून आणू?"

मी म्हटलं, "म्हणजे मला परत करता येत नाही."

"तसं नको ना बोलू."

"मग कसं बोलू?"

परत येताना मोटारसायकलवर मागे बसून रांगेच्या कडेकडेने आले. मैलोन्‌मैल ट्रक. प्रत्येकाच्या पुढे एक आणि मागे एक, वळायला जागा नाही. मला एकदम रडू आलं आणि मोटारसायकलवाल्याला वाटलं डोळ्यांत धूळ गेली.

घरी पोहोचले तर सासू दारात. "ओमोडिंगची बायको, जेवलीस का?" दोन शब्द जास्त बोलली आज. मी तिला वळसा घालून आत गेले.

२७ फेब्रुवारी

यंत्र दुरुस्त करणारा आला. चेक देशातला, झ्देनेक नाव, कान उन्हाने लाल. संध्याकाळी बारमध्ये आला, मी त्याला पेल्यात बिअर ओतून दिली आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या आईला शिवी दिली.

"फेस कुठे आहे?"

"फेस घालवूनच ओततात. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, हवा विकते."

तो काउंटरच्या आत घुसला. पेला गार पाण्याने विसळला, ओलाच ठेवला, आणि तीन बोटं जाड फेस काढून दाखवला. हा फेस म्हणजे बिअरचं पांघरूण, म्हणाला, त्याखाली ती ताजी राहते. त्याच्या गावात बिअर सात अंशांवर देतात, आठवर दिली तर लोक मालकाकडे बघतात. आणि इंग्रज लोक तळघरातली देतात, ना थंड ना गरम. त्यांना त्याचा अभिमान आहे, असं तो कीव आल्यासारखं म्हणाला. आता मला ओमोडिंगला ही नक्कल दाखवायची होती.

सासूने चव मागितली. ओठ लावला आणि पेला परत केला. "एवढी गार कशाला? मेलेल्याच्या तोंडासारखी."

मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग तिची दे." मडक्याची नळी ओढून त्याची जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी तिथेच बसून राहिला. मेल्कियोर त्याला शिकवत होता की हळू ओढ, दुधासारखी. चेक, बुरुंडी आणि माझी सासू एका मडक्याभोवती. पाटीवरचं नाव आज पहिल्यांदा खरं झालं आणि ते बघायला पाटीवालाच नव्हता.

यंत्राचा एक भाग मागवलाय, तो आला की रांग सुटेल. मी झ्देनेकला आणखी दोन बिअर फुकट दिल्या आणि म्हटलं, "घाई करू नका, उष्णतेत काम करू नये." रांग सुटली की गिऱ्हाईक जाईल, म्हणून.

४ मार्च

एमुरियाने माणसं लावून फ्रीज अंगणात काढला. अजून दिवस आहेत, मी म्हटलं. "सवय होऊ दे," म्हणाला. आतल्या खोलीत पलंग आला. मी काउंटरमागे चटई टाकून झोपते.

मेल्कियोरने फ्रीजला वायर लांब करून दिली आणि वर पत्रा उभारला. काम करताना पाठमोरा होता, तसाच म्हणाला, "माझ्या गाडीत बाजूची जागा रिकामी असते."

"मग?"

"काही नाही. सांगितलं."

"मी काय माल आहे, एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायला? आणि पळून गेले तर हे लोक पुढच्या खेपेला तुमची गाडी पेटवतील. रस्ता हाच एक आहे तुम्हाला."

"हो," तो म्हणाला. "रस्ता हाच आहे." आणि खिळा ठोकला.

मी फार लागट बोलले का? पण खरंच बोलले. पळाले तर ‘सगळे देश’ एमुरियाचा, राहिले तरी त्याचाच. वळून पाहिलं तर सासू मडक्याशी बसून नळी नुसतीच हातात धरून होती, पीत नव्हती. सगळं ऐकलं तिने. संपलं आता.

१० मार्च

अंगणात सासू नाचणी भाजतेय. माझ्याच दुखवट्याची बिअर माझ्याच दारात आंबतेय आणि तिचा आंबूस-गोड वास सगळीकडे आहे. एरवी मला आवडतो. नवा झगा शिवून आला. घालून पाहिला नाही.

१२ मार्च



दुपारी नेहमीसारखा मेल्कियोर आला. अंगणात सात-आठ ड्रायव्हर होते, एमुरियाच्या दोन्ही बायका पाणी भरत होत्या. त्याने सासूला मान लववली आणि मडक्यात नळी घातली. तो बसतो न बसतो तोच सासू उठली. सगळ्यांदेखत तिने त्याची नळी मडक्यातून ओढून काढली, झग्याच्या टोकाने पुसली आणि त्याच्या समोर धरली. त्याच्याकडे पाहिलंही नाही. "इथे नाही," म्हणाली. मग स्वतःचं स्टूल उचललं, मडकं काखेत मारलं आणि भिंतीमागे जाऊन बसली. पाठ करून.

तो नळी हातात घेऊन उभाच राहिला. एवढा लांबलचक माणूस, पण एकदम लहान दिसला. मला म्हणाला, "मी काय केलं? नळीत फुंकलं का?"

"काही केलं नाहीत तुम्ही."

"मग आजीला विचारा ना."

मी भिंतीमागे गेले आणि पहिल्यांदा सासूवर ओरडले. "आत्याबाई, एमुरियाला खूश करायला पाहुण्याचा असा अपमान? महिनाभर तुमच्याशेजारी बसला तो! माझ्या दारातून कुणाला आजवर असं हाकललं नाही!"

ती भिंतीकडे बघत नळी ओढत होती. डोळे ओले होते, धुराने असतील. म्हणाली, "साऱ्या देशांच्या रीती तुला पाठ. कोण गरम पितो, कोण गार पितो, सगळं ठाऊक. जरा आपल्या घरचीही आठव."

"घरची रीत कळली मला. चांगली कळली!" मी म्हटलं आणि आत निघून आले. मेल्कियोर गाडीत जाऊन बसला होता, काच वर करून. पत्र्यावर त्याची बाटली उन्हात तशीच.

१३ मार्च

यंत्राचा भाग आला. सकाळी रांग हलली.

इतके आठवडे ज्या ट्रेलरला मी शिव्या घातल्या तो सुरू झाला, पुढे सरकला आणि बारमध्ये एकदम ऊन आलं. जाळी-जळमटं, फळीवरची धूळ, सगळं उघडं पडलं. मी बाहेर धावले. तो वरून म्हणाला, "आजीला सांगा, चुकलं असेल तर माफ करा," आणि मागचे सगळे भोंगे वाजवायला लागले. त्याला थांबता येत नव्हतं.

मला तो हवा होता. लिहून टाकते. आता लिहायला काय जातं? उद्या चौदा.

१५ मार्च

काल जे झालं ते नीट लिहायचं आहे.

कुळाच्या अंगणात मोठं मडकं मांडलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. सर्वांत वडील एकिरापा आजोबा खुर्चीत. एमुरिया दोन नळ्या घेऊन बसला होता आणि शेजारी माझ्यासाठी स्टूल. मला झगा घालून आणलं. माझे पाय चालत होते, मी नव्हते.

एमुरियाने नळी पुढे केली. तेवढ्यात सासू म्हणाली, "एमुरिया, चुकीच्या जागी बसलास. भावांच्या बाजूला सरक."

"काय?"

"बहिणीला शेजारी बसवून नळी देतात का कुठे?"

तिने एकिरापा आजोबांकडे तोंड केलं. "बाबा, परवा मी जावयाची नळी माझ्या मडक्यातून काढली. स्टूल उचलून भिंतीआड गेले. ड्रायव्हरांनी पाहिलं, एमुरियाच्या बायकांनी पाहिलं. विचारा. बाई कुणापासून मडकं दूर करते?"

एकिरापा आजोबा म्हणाले, "लेकीच्या नवऱ्यापासून."

"मग मला लेक आहे. ही. ओमोडिंग गेला, माझं एक पोर जमिनीत गेलं, त्याच्या जागी हिला घेतली. एमुरियाला बहिणीशी लग्न करायचं असेल तर मी मध्ये येत नाही, पण कुळाने काय ते बघावं."

मला तिथेच, त्या झग्यात, उभ्या उभ्या सगळं समजलं. परवा मी तिच्यावर ओरडले होते.

एमुरिया ताडकन उठला. "जावई? कुठला जावई? तो पळाला काल! त्याची गाडी कंपालाच्या पलीकडे गेली असेल!"

"जावई सासूच्या तोंडासमोर राहत नसतो," सासू म्हणाली. "रीतीचा आहे. तुझ्यापेक्षा."

आधी बायका हसल्या. एमुरियाच्या बायका सगळ्यांत मोठ्याने. मग म्हातारे. एकिरापा आजोबांना हसता हसता खोकला लागला आणि पाठ चोळावी लागली. "आणि बारची जमीन?" एमुरिया ओरडला. सासू म्हणाली, "ते माझं नाचणीचं वावर. तुझ्या बापाने मला दिलंय, आणि मी अजून मेले नाही."

शेवटी आजोबांनी हात वर केला. "एमुरिया, पलीकडे बस. तिथून बहिणीला नळी दे. मडक्यावरून दे, सगळ्यांना दिसेल अशी."

त्याने दिली. त्याचा हात मडक्यावरून माझ्यापर्यंत आला आणि नळी घेताना मी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बिअर कढत होती. मी ओढली.

घरी येताना मी सासूला विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू गप्प बसली असतीस का? नाक्यावर सगळ्यांना कळलं असतं." थोडं चालून म्हणाली, "ऐक. मी तुला त्या बुरुंडीला दिलेलं नाही. एमुरियाला दिलेलं नाही, एवढंच. पुढचं तुझं तू बघ, अमोंगिन."

नावाने हाक मारली. मी वाटेतच थांबले. तिने दंडाला धरून चालवलं.

पण तो गेला. आणि आपण जावई झालोय हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही.

२ एप्रिल

पाऊस अजून नाही. फ्रीज आत आला, पलंग बाहेर गेला. सासू अंगणात एकटीच मडकं घेऊन बसते. शेजारी येऊन बसणारे पुष्कळ आहेत, पण ती म्हणते एक वचावचा बोलतो, दुसरा नळीत फुंकतो. महिनाभर एक जोडीदार मिळाला होता तो तिने स्वतः उठवला, आणि तो परत आला तरी तिला त्याच्याशेजारी बसता येणार नाही, कधीच. हे ठाऊक असताना उठवला. मी आता दुपारी तिच्याबरोबर बसते, पण मला ओढण्याची घाई असते असं तिचं म्हणणं आहे.

आज चारच्या सुमाराला भोंगा वाजला. निळा ट्रेलर. या वेळी तो दार सोडून, चिंचेखाली लावला.

तो उतरला आणि अंगणात आलाच नाही. कुडाच्या पलीकडे थांबला, पाठ करून, आणि पाठमोराच म्हणाला, "मालकीणबाई, आजीला सांगा जावई आलाय."

म्हणजे कळलं होतं. वाटेत म्बरारा गावात एका गॅरेजवाल्याला त्याने रडकुंडीला येऊन अपमानाची हकीकत सांगितली होती. तो गॅरेजवाला निघाला तेसो. हातातला पाना टाकून तो इतका हसला की आधी मेल्कियोरने त्याला मारायचंच ठरवलं होतं. "पण मला खरं सांगा," तो म्हणाला, आवाज एकदम उतरला, "ही आजीची युक्ती होती की... तुम्हालाही तसं वाटतं?"

मी म्हटलं, "तुमची बाटली तेव्हापासून पत्र्यावर आहे. आता ती बिअर राहिली नसेल, चहा झाला असेल."

"चालेल," तो म्हणाला.

त्याने सासूसाठी केळ्याच्या बिअरचा डबा आणला होता. कुडाजवळ ठेवला आणि मागे सरला. सासूने स्टूल उचललं होतंच. भिंतीआड जाताना डबा उचलून नेला, वास घेतला, नळी घातली.

"सांग त्याला," ती आतून म्हणाली, "आंबट आहे."

"आंबट आहे म्हणते," मी कुडाकडे तोंड करून म्हटलं.

"सांगा, गरम करून प्यायची नसते. तशीच प्यायची."

"तशीच प्यायची म्हणतो."

"मला शिकवतो," भिंतीमागून आवाज आला. मग बराच वेळ नुसता नळीचा आवाज. मग, "नळी घेतलीय का त्याने? उजव्या हातात?"

मी डोकावून पाहिलं. तो कुडाला टेकून बसला होता, तापलेली बाटली गुडघ्यांत, आणि सासूने त्या दिवशी पुसून दिलेली तीच लांब नळी त्यात घातलेली. तिचं दुसरं टोक वाऱ्यावर डुलत होतं.

"उजव्याच," मी म्हटलं.

"बरं," सासू म्हणाली. "मग त्याच्याजवळ जाऊन बस. माझं मी पिते."